आधी बाहेर पडायला शिक

बापू, तू तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर पीडीपी-११ हे जुनं संगणकयंत्र उभं केलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. बॉब सुपनिक यांनी लिहिलेलं सिमएच हे जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर, त्यावर १९७९ सालच्या युनिक्सची ‘सातवी आवृत्ती’, आणि हे सगळं नागभीडच्या आपल्या घरात, धानाच्या पोत्यांशेजारी! माझ्या नोकरीची उमेदीची वर्षं असल्याच पडद्यापुढे गेली, त्यामुळे मला गंमतही वाटते आणि थोडी धास्तीही. आता म्हणे तुला त्यावरून पत्रं पाठवायची आहेत. पाठव की! पण फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगून हे डोक्यात राहणार नाही, म्हणून तुझी आत्या एकदाच लिहून देते आहे. तुझ्यासोबत ज्या पोट्ट्यांना हे खूळ लागलंय त्यांनाही वाचायला दे.

सगळ्यांत आधी एवढं गाठीला बांध: कुठल्याही प्रोग्रॅममध्ये शिरण्याआधी त्यातून बाहेर कसं पडायचं ते विचारून घ्यायचं. आजचा फोन पावलोपावली ‘नक्की ना?’ म्हणून विचारतो. जुनं युनिक्स विचारत नाही. काम झालं तर गप्प बसतं, आणि पुष्कळदा बिघडलं तरी गप्पच बसतं. सातव्या आवृत्तीत ‘मेल’ लिहून पुढे नाव दिलंस की यंत्र नुसतं नव्या ओळीवर जाऊन थांबतं. विषय विचारत नाही, ‘आता लिहा’ म्हणत नाही. तिथे थेट मजकूर लिहायचा. संपला की नव्या ओळीवर नुसता एक पूर्णविराम, म्हणजे टिंब, टाकून एंटर मारायचं. टिंबाऐवजी कंट्रोल-डी चालतं, पण ते दोनदा दाबलं गेलं तर दुसऱ्या वेळी तू यंत्राबाहेरच फेकला जाशील. म्हणून टिंबाची सवय लाव.

आलेली पत्रं वाचायला नुसतं ‘मेल’ लिहायचं. सर्वांत शेवटी आलेलं पत्र आधी दिसतं आणि त्याखाली एक प्रश्नचिन्ह येऊन थांबतं. तिथे एंटर दाबलं तर पुढचं पत्र, डी म्हणजे काढून टाक, एस म्हणजे जपून ठेव, पी म्हणजे पुन्हा दाखव. आणि बाहेर पडायचे दरवाजे दोन: क्यू आणि एक्स. हा फरक आधी पाठ कर, बाकीचं नंतर. क्यूने निघालास तर तू केलेलं सगळं कायम होतं, काढलेली पत्रं गेली ती गेलीच. एक्सने निघालास तर तू आत आलाच नव्हतास असं यंत्र समजतं, पेटी जशी होती तशी राहते. काहीतरी भलतंच झालंय असा संशय आला की हात थांबवायचे आणि एक्स दाबायचं. ज्याबद्दल पुढे सांगणार आहे त्या बर्कलीच्या मेलमध्येही क्यू-एक्सचं हेच आहे. कंट्रोल-सी मारून सुटका होईल असं समजू नकोस. सातव्या आवृत्तीत चालू काम तोडायला डिलीटची कळ लागते.

तुझं यंत्र नकली असल्यामुळे तुला आणखी एक दार आहे, ते आमच्या वेळी नव्हतं. सिमएचच्या मुख्य खिडकीत कंट्रोल-ई दाबलं की अख्खं यंत्रच जागच्या जागी थबकतं आणि सिमएचची स्वतःची खूण पुढे येते. ओळीच्या शेवटी जायला कंट्रोल-ई वापरायची सवय असलेली मुलं इथे हमखास घाबरतात. घाबरायचं नाही. ‘कंटिन्यू’मधली पहिली चार अक्षरं लिहून एंटर मारायचं, यंत्र जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. खिडकी मात्र बंद करायची नाही.

आता कळफलकाकडे येऊ. सातव्या आवृत्तीत बॅकस्पेस चालत नाही म्हणून तू तक्रार केलीस म्हणे. चालेल कशी? ती व्यवस्था कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपसाठी केलेली. कागदावर उमटलेलं अक्षर पुसता येत नाही. म्हणून त्यांनी ठरवलं की # लिहिलं तर मागचं एक अक्षर रद्द समजायचं आणि @ लिहिलं तर अख्खी ओळ रद्द. आता बघ, तू सवयीने आजच्या पद्धतीचा पत्ता लिहायला घेतोस, मधलं @ येतं आणि तोवर लिहिलेलं सगळं यंत्र विसरतं. तुला वाटतं यंत्र बिघडलं. त्याने तुझंच ऐकलेलं असतं. उपाय दोन. @च्या आधी उलटी तिरपी रेघ द्यायची, म्हणजे ते साधं चिन्ह म्हणून घेतलं जातं. किंवा आत शिरल्याबरोबर ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने पुसण्यासाठी कंट्रोल-एच आणि ओळ रद्द करायला कंट्रोल-यू नेमून द्यायचं. ही ओळ तुझ्या ‘.प्रोफाइल’ फाइलमध्येच लिहून ठेव, रोज आठवावं लागणार नाही.

आणि कॅप्स लॉक! नाव टाकताना तो चालू असला, तर सातवी आवृत्ती समजते की तुझ्याकडे मोठ्याच लिपीचं जुनं टर्मिनल आहे. मग ती सगळा पडदा मोठ्या लिपीत दाखवते, आणि तू मोठं अक्षर दाबलंस तरी आत छोटंच नोंदवते. बाहेर पडून छोट्या अक्षरांत पुन्हा नाव टाकलं की संपलं. हे मी खुळ्यासारखं एवढं सविस्तर का सांगते, ते खाली मराठीचा विषय येईल तेव्हा कळेल.

सातव्या आवृत्तीच्या मेलला विषयाची ओळ नाही, आलेल्या पत्राला उत्तर देण्याची आज्ञाही नाही. चार दिवस मजा म्हणून वापर आणि पुढे जा. २.११ बीएसडी हे बर्कली विद्यापीठाचं युनिक्स त्याच पीडीपी-११वर चालतं, आणि त्यात बर्कलीचा मेल प्रोग्रॅम आहे. तो कर्ट शोएन्स यांनी १९७८मध्ये लिहायला घेतला. माझा जीव त्याच्यावर आहे. पीडीपी-११वर एका प्रोग्रॅमला मजकूर ठेवायला एकावेळी ६४ किलोबाइटच्या वर जागा दिसत नाही, आणि एवढ्या जागेत हा प्रोग्रॅम पत्रांची यादी दाखवतो, निवडतो, उत्तर देतो, फाइल पत्रात घालतो. तुझ्या फोनमधला एक फोटोही त्याहून जास्त जागा खात असेल.

बर्कलीच्या मेलमध्ये नवख्यांचे घोटाळे होतात ते ठरलेल्या जागी. पहिला उत्तराचा. छोट्या आरने दिलेलं उत्तर पत्र लिहिणाऱ्याला तर जातंच, शिवाय ज्यांना ज्यांना ते पत्र गेलं होतं त्या सगळ्यांना जातं. एकट्याला उत्तर द्यायचं तर मोठा आर. पुढे मट नावाचा प्रोग्रॅम आला, मायकेल एल्किन्स यांचा, १९९५चा. त्यात छोट्या आरने एकट्यालाच जातं आणि सगळ्यांसाठी जी लागतो. पाइन नावाचा प्रोग्रॅम तर सरळ विचारतोच, सगळ्यांना पाठवू का म्हणून. तेव्हा प्रोग्रॅम बदललास की आधी या एका अक्षराची चौकशी कर. साहेबाबद्दल साहेबालाच कळवून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरा घोटाळा ‘पत्र गायब झालं’चा. वाचलेली पत्रं क्यूने बाहेर पडताना टपालपेटीतून उचलून तुझ्या घरच्या ‘एमबॉक्स’ फाइलमध्ये टाकली जातात. गायब काही होत नाही. ‘मेल’पुढे वजा चिन्ह आणि एफ लिहून उघड, सगळी तिथे असतात. एखादं पत्र मूळ पेटीतच राहू द्यायचं असेल तर बाहेर पडण्याआधी त्याला ‘होल्ड’ म्हण.

तिसरी गोष्ट ~ या नागमोडी चिन्हाची. पत्र लिहिता लिहिता ओळीच्या सुरुवातीला ~ आणि पी लिहिलं की आतापर्यंतचं पत्र पुन्हा दिसतं. ~ आणि व्ही लिहिलं की ते व्हीआय संपादकात उघडतं, ~ आणि आर लिहून फाइलचं नाव दिलं की ती फाइल पत्रात येऊन बसते, ~ आणि क्यूने पत्र सोडून देता येतं. ही खरी ताकद आहे, शिकून घे. पण तू रास्पबेरी पायपर्यंत एसएसएचने जातोस, आणि एसएसएचही ओळीच्या सुरुवातीचं ~ स्वतःसाठीच राखून ठेवतं. तू ~ आणि व्ही लिहितोस, ते एसएसएच मधल्यामध्ये गिळतं, मेलपर्यंत पोचतच नाही. ~ आणि टिंब लिहिलंस तर जोडणीच तुटते. उपाय सोपा आहे: दोनदा ~~ लिहायचं, म्हणजे त्यातलं एक पलीकडे पोचतं. हे ठाऊक नसल्यामुळे संपादक उघडत नाही म्हणून रात्र रात्र डोकं धरून बसणारे आजही असतील.

‘.मेलआरसी’ नावाची फाइल करून त्यात दोन ओळी घालून ठेव: एक विषय विचारायला लावणारी ‘सेट आस्क’, दुसरी टिंबाने पत्र संपवणारी ‘सेट डॉट’. विषयाची ओळ रिकामी सोडायची नाही. त्या काळी माणूस यादीतली ती एकच ओळ बघून पत्र उघडायचं की नाही ते ठरवत असे. आणि ओळ ७२ अक्षरांच्या आसपास स्वतः तोडायची. पडदा ८० अक्षरांचा, २४ ओळींचा. तो साचा पीडीपी-११ बनवणाऱ्या डीईसी कंपनीच्या १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनलने रूढ केला. पलीकडचा माणूस उत्तर देताना प्रत्येक ओळीपुढे > लावणार, त्यालाही जागा हवी.

आता पत्त्याबद्दल. @च्या पत्त्याची कल्पना १९७१ची, रे टॉमलिन्सन यांची. पण ती चालायला यंत्रं कायम जोडलेली असावी लागतात. तशी जोडणी नसलेल्यांसाठी माइक लेस्क यांनी बेल लॅबमध्ये १९७६च्या सुमारास यूयूसीपी बनवलं. रात्री एक यंत्र दुसऱ्याला फोन लावणार, साठलेली पत्रं देणार, घेणार, फोन ठेवणार. पत्त्यात सगळे थांबे तुलाच लिहावे लागत, मधे उद्गारचिन्ह देऊन. नागपूरहून नॅरोगेजने नागभीडला पत्र पाठवताना इतवारी, उमरेड, भिवापूर अशी सगळी स्टेशनं पाकिटावर लिहावी लागली असती तर जसं झालं असतं, तसं. मधल्या एका यंत्राचं नाव चुकलं किंवा ते बंद असलं तर पत्र तिथेच पडून. तुझ्या सातव्या आवृत्तीतही यूयूसीपी आहे आणि तिच्या मेलला उद्गारचिन्हाचाच पत्ता कळतो, @चा नाही. २.११ बीएसडीत सी-शेल वापरत असशील तर तिथे उद्गारचिन्हाआधीही ती उलटी तिरपी रेघ दे. सी-शेल उद्गारचिन्हाचा अर्थ ‘मागची आज्ञा पुन्हा चालव’ असा घेतं, आणि कुठली आज्ञा चालेल याचा नेम नाही.

हे फक्त अमेरिकेत चाललं असं समजू नकोस. मुंबईत जुहूला एनसीएसटी ही संगणक-संशोधन संस्था होती, डॉ. एस. रमाणी तिचे प्रमुख. तिथे आणि पवईच्या आयआयटीत १९८६-८७च्या सुमारास पत्रांची देवाणघेवाण अशीच फोनवरून सुरू झाली. शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या तेव्हाच्या अर्नेट प्रकल्पाचं ते काम, संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीची मदत होती. एनसीएसटीच्या ज्या यंत्रातून देशाबाहेर पत्रं जात त्याचं नाव होतं ‘शक्ती’. भारताचं ‘.इन’ हे नाव १९८९मध्ये नोंदलं गेलं, त्याचाही कारभार सुरुवातीला एनसीएसटीकडेच होता. आपल्याकडे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत तेव्हा काय होतं म्हणशील, तर सरकारच्या एनआयसीचं संगणकजाळं, निकनेट. जिल्ह्यांची मुख्यालयं छोट्या तबकड्या लावून उपग्रहाने जोडायचं काम ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात झालं, त्यात चंद्रपूर आणि १९८२मध्ये नव्यानेच वेगळा झालेला गडचिरोलीही आले. जिथे पावसाळ्यात रस्ता तुटायचा त्या जिल्ह्याचे आकडे आकाशातून दिल्लीला जाऊ लागले. नागभीड तालुक्याचंच गाव, आपल्यापर्यंत काही आलं नाही.

आपल्यापर्यंत आलं ते टेलिफोनच्या तारेने. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. चित्रं दाखवणारं खातं महाग आणि नुसत्या अक्षरांचं शेल खातं स्वस्त, म्हणून विद्यार्थी शेल खातं घेत. शेल खात्यात आत शिरलं की पाइन. वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९मध्ये त्याची सुरुवात झाली, आणि ज्याने कोणी पडद्याच्या तळाशी दोन ओळींत सगळ्या आज्ञा कायम लिहून ठेवायचं ठरवलं त्याला माझा नमस्कार. डेव्ह टेलर यांचा एल्म त्याच्या आधीचा, पण नवख्यांना तो पाइनपेक्षा जड जायचा. पाइनला पाठांतर नको. सी म्हणजे नवं पत्र, कंट्रोल-एक्स म्हणजे पाठव, कंट्रोल-ओ म्हणजे अर्धं राहिलेलं बाजूला ठेव. डीने पत्रावर फक्त खूण होते, ते खरोखर जातं एक्स दाबल्यावर किंवा निघताना ‘हो’ म्हटल्यावर. तोवर यूने परत मिळवता येतं. बघ, बर्कलीत एक्स म्हणजे वाचवणं, पाइनच्या यादीत एक्स म्हणजे नष्ट करणं. एका प्रोग्रॅमची बोटं दुसऱ्यात चालवायची नाहीत.

तालुक्याच्या गावातून शहरापर्यंतचा फोन एसटीडी, मीटर धावत असायचं. रात्री उशिरा दर उतरायचे तेव्हा माणसं जोडायला बसत. त्या काळात ज्याने पत्र आधी घरी लिहून ठेवलं तो वाचला. जोडणी लागली की फाइल चढवायची, आलेली पत्रं उतरवून घ्यायची, फोन खाली. वाचन, विचार, रागावणं, सगळं फोन ठेवल्यावर. तुझ्याकडे मीटर नाही, तरी ही रीत उचल. सातव्या आवृत्तीत एकदा एंटर मारलेल्या ओळीकडे परत जाता येत नाही, तेव्हा आधी ‘ईडी’त मजकूर फाइलमध्ये लिही, वाच, दुरुस्त कर आणि मग ‘मेल’ला ती फाइल < चिन्हाने खाऊ घाल. मला हीच पद्धत आजही सर्वांत बरी वाटते.

मोडेम तू विकत आणणारच, तुझा स्वभाव मला माहीत आहे. खेड्यातल्या जुन्या एक्सचेंजला टोन कळत नसे, म्हणून ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’ने नंबर फिरवावा लागे, टक टक टक आवाज करत. एक्सचेंजचा डायल टोन आपल्या मोडेमला ओळखू येत नसेल तर त्याआधी ‘एटीएक्स३’. आजच्या इंटरनेटवरून येणाऱ्या फोनवर मोडेमचा सूर नीट पोचत नाही, तेव्हा दोन मोडेम समोरासमोर जोडूनच खेळ. आणि विजा कडकडू लागण्याआधीच फोनची वायर काढायची, मग विजेचा प्लग. रोवणीच्या दिवसांत नागभीड-ब्रह्मपुरीकडे मोडेम जळत ते बहुधा फोनच्या तारेतून आलेल्या झटक्याने.

पडदा एकाएकी गोठला, काहीच उमटेना, तर यंत्राला दोष देण्याआधी कंट्रोल-क्यू दाब. तू चुकून कंट्रोल-एस दाबलेलं असतं. त्याचा अर्थ ‘थांब, मला वाचू दे’. फाइल जपायला कंट्रोल-एस दाबायची आजची सवय इथे नडते. आणि पडद्यावर चौकोनी कंस आणि आकड्यांचा सडा पडला तर टर्मिनलचा प्रकार चुकला आहे. ‘टर्म’ला व्हीटी-१०० सांगितलं की ताळ्यावर येतं.

आता मराठी. जुन्या टपालाच्या वाटेवर अक्षरामागे सातच बिट सुखरूप पोचतील याची खात्री असे. आपली देवनागरी भारतीय मानकात, इस्कीमध्ये, आठव्या बिटाच्या वरच्या निम्म्यात बसवलेली. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावलेल्या यंत्रावर ती सुंदर दिसे, पण तेच पत्र सात बिटांच्या वाटेला लागलं की आठवा बिट छाटला जाई आणि पलीकडे ‘प्रिय आई’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांचा कचरा उतरे. म्हणून परदेशातली मराठी मुलं रोमनमध्ये मराठी लिहीत. त्यातही साध्या रोमनमध्ये त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ एकच होतात. बाळ की बाल, ते वाचणाऱ्याने ठरवायचं. अविनाश चोपडे यांनी नव्वदीच्या सुरुवातीला आयट्रान्स केलं त्यात यावर तोडगा होता: छोटा टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट, मोठा एन म्हणजे ण, मोठा एल म्हणजे ळ. आता तो कॅप्स लॉक आठव. मोठ्या लिपीच्या फेऱ्यात अडकलेलं यंत्र तुझी सगळी मोठी अक्षरं छोटी करून टाकतं, आणि अख्ख्या पत्रातला ट चा त, ळ चा ल होतो. पडद्यावर मात्र सगळं मोठंच दिसत असतं, म्हणून तुला पत्ताही लागत नाही. आयट्रान्सने लिहायचं तर नाव टाकताना कॅप्स लॉकचा दिवा बघ.

मी तुला आज फोनवरून देवनागरीत पत्र पाठवलं तर ते तुझ्या यंत्रावर अक्षरांची अर्थहीन माळ होऊन उतरेल. युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, बेस-६४मध्ये त्याची चार इंग्रजी अक्षरं होतात. ते पत्र नासलेलं नसतं. एसने फाइलमध्ये ठेव, पायवर आणून उलगड, काना-मात्रेसह मिळेल. उलट दिशेने फोटो पाठवायचा असेल तर यूयूएन्कोड वापर, पण फाइल एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगते हे धरून चाल.

वीज हा नागभीडचा जुना विषय आहे. जुन्या युनिक्सची फाइलव्यवस्था लिहिलेलं ताबडतोब डिस्कवर नेत नाही, मेमरीत धरून ठेवते. वीज गेली की तेवढं गेलं, शिवाय डिस्कचा हिशेब बिघडतो आणि पुढच्या वेळी ‘एफएससीके’सारखी आज्ञा चालवून तो जुळवत बसावं लागतं. पत्र पाठवून झालं की ‘सिंक’ लिही. आम्ही तीनदा लिहीत असू, कारण पहिल्या सिंकचं काम उरकायला तेवढा वेळ जातो. रास्पबेरी पाय एखाद्या पॉवर बँकेवर चालव, आकाश भरून आलं की यंत्र रीतसर बंद कर. बर्कलीत पत्र लिहिताना मधेच जोडणी तुटली तर धीर सोडू नकोस, अर्धवट मजकूर बहुतेक वेळा घरच्या फोल्डरमध्ये ‘डेड लेटर’ नावाच्या फाइलमध्ये सापडतो.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. हे यंत्र उघड्या इंटरनेटवर ठेवायचं नाही. २ नोव्हेंबर १९८८ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा ज्या भोकांतून शिरला, त्यांतलं एक सेंडमेल या टपाल पोचवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच होतं. त्याने व्हॅक्स आणि सन-३ यंत्रं आडवी केली. तुझा मित्र व्हॅक्सची नक्कल करून त्यावर १९८६चं ४.३ बीएसडी चालवतोय, त्यात ते भोक जसंच्या तसं आहे, कारण नक्कल चोख आहे. पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात, तेव्हा बँकेचा पासवर्ड तिथे चुकूनही देऊ नकोस. बाहेर पत्र पाठवायचंच तर जुन्या यंत्राने ते पायला द्यावं आणि पायवरच्या आजच्या टपाल प्रोग्रॅमने पुढे न्यावं. थेट पाठवलेलं पत्र आजचे सर्व्हर दारातूनच परत करतात. त्यांना कुलूपबंद जोडणी हवी, पाठवणाऱ्याची सही हवी, आणि १९८६ला यांतलं काही जन्मलंही नव्हतं. तारखेत ‘आयएसटी’ लिहू नकोस, इस्रायलची वेळही तीच अक्षरं वापरते. +०५३० लिही.

एवढा खटाटोप नको असेल तर एसडीएफ आहे. १९८७पासून चालू असलेली ही सेवा आज सार्वजनिक युनिक्स म्हणून नेटबीएसडीवर चालते, लहानसं खातं फुकट मिळतं आणि पाइनचा वारस अल्पाइन, मट हे तिथे खऱ्या वापरात आहेत. नागभीडहून तिथे शिरायला फोनवरचं एसएसएचसुद्धा पुरतं.

शेवटचं काम तुझ्या एकट्याचं नाही, म्हणून तुझ्या मित्रांना आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगते. चंद्रपूर-गडचिरोलीत नव्वदच्या दशकात संगणकावर बसलेली माणसं अजून आहेत. कपाटात, माळ्यावर त्यांच्या फ्लॉपी पडून असतील. त्यांवर एमबॉक्स फाइली निघाल्या तर त्या साधा मजकूर असतात, आजही कुठल्याही संपादकात उघडतात. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते आणि बुरशी धरलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं डोकंही खराब करते. दिवाळीची साफसफाई सुरू होण्याआधी एकदा घरोघरी विचारून या. मिळतील त्या कोरड्या डब्यात घाला, वर नाव-साल लिहा, आणि ज्याची पत्रं आहेत त्याला विचारल्याशिवाय एकही उघडू नका.